पट्टी घ्यावी की नळी?

टेस्लाने १८९१ साली आपले वेटोळे सिद्ध केले. त्याच्या प्राथमिक वेटोळ्याला तांब्याची नळी घ्यावी की पट्टी, हे मात्र आजही विचारले जाते. उत्तराचे गणित मॅक्सवेलच्या १८७३ च्या ग्रंथात आहेच. स्वप्रवर्तकता, म्हणजे प्रवाह बदलताना होणारा अटकाव, ठरते ती मुख्यतः वेढ्यांच्या संख्येने नि व्यासाने. तारेच्या आकाराने फरक थोडाच. ४ सेंमी रुंद पातळ पट्टी जवळजवळ २ सेंमी जाडीच्या नळीसारखीच वागते.

आता आपल्या देवणीचे बैल पाहा ना! वानेरा, बाळंक्या, शेवरा असे रंग निराळे, जात एकच. तेव्हा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याने महागड्या पट्टीसाठी अडून बसू नये. मिळेल ती नळी घ्यावी नि वेढे नीट मोजावेत.