दोनदां दुसरी

इतिहास शिकवितांना एक अनुभव मला वारंवार येतो. लढाई असो, निवडणूक असो वा क्रीडास्पर्धा असो, विद्यार्थी जेत्याचें नांव तेवढें टिपून घेतात. दुसऱ्या क्रमांकाविषयीं कोणालाच जिज्ञासा नसते. परीक्षेच्या दृष्टीनें तें सोयीचेंहि असतें. परंतु जेता कोण हें ठरविणारा नियमच मध्यंतरीं बदलला, तर या टिपणाचें मोल तें काय उरलें? असा विचार मनांत आला म्हणजे मला डोरोथी टायलर या इंग्रज बाईंची आठवण होते. युद्धकाळांत त्यांनीं विमानदलांत सेवा केली, दोन मुलगे वाढविले, आणि आजीबाई म्हणवून घेण्याच्या वयांतहि खेळाशीं असलेलें नातें तोडलें नाहीं. ता. २५ सप्टेंबर २०१४ रोजीं, वयाच्या ९४ व्या वर्षीं, त्या निवर्तल्या.

त्यांचा जन्म १४ मार्च १९२० चा, लंडनमधला. माहेरचें आडनांव ओडम. वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षीं, १९३६ सालीं, ही मुलगी बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत उंच उडीसाठीं उतरली. हिटलरच्या राजवटीनें आपल्या वैभवाचें प्रदर्शन म्हणून मांडलेला तो सोहळा. अंतिम फेरींत तिघीजणींनीं १.६० मीटरची उंची ओलांडली: हंगेरीची इबोल्या चाक, जर्मनीची एल्फ्रीडे काउन आणि ही शाळकरी वयाची डोरोथी. तिनें तर ती पहिल्याच प्रयत्नांत ओलांडली होती. परंतु तेव्हांचा नियम असा कीं बरोबरी झाली तर पुन्हां उड्या घ्यावयाच्या. त्या जादा उडींत चाक हिनें १.६२ मीटर पार केले आणि सुवर्णपदक तिच्या गळ्यांत पडलें. डोरोथीला रौप्यपदक मिळालें. मैदानी खेळांत ऑलिंपिकचें वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री.

१९३८ सालीं सिडनी येथें साम्राज्यांतर्गत सामन्यांत तिनें सुवर्णपदक मिळविलें, आणि १९३९ च्या मे महिन्यांत १.६६ मीटरची विक्रमी उडी घेतली. पण जर्मनीच्या डोरा राटयेन या खेळाडूच्या नांवावर १९३८ चा १.७० मीटरचा विक्रम लागलेला होता. त्याबद्दल डोरोथीनें लेखी आक्षेप घेतला, आणि पुढें तो विक्रम रद्दहि झाला. कारण राटयेन ही स्त्री नसून पुरुष असल्याचा निर्वाळा जर्मन अधिकाऱ्यांनींच दिला होता. येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. जन्मसमयींच्या संभ्रमामुळें राटयेनला मुलगी म्हणूनच वाढविण्यांत आलें होतें. तेव्हां सारा दोष त्या जिवाच्या माथीं मारणें बरें नव्हे. डोरोथीच्या विक्रमाला मान्यता मिळावयास मात्र १९५७ साल उजाडलें.

एवढ्यांत महायुद्ध पेटलें. १९४० आणि १९४४ चीं ऑलिंपिकें झालींच नाहींत. खेळाडूच्या आयुष्यांतील वीस ते चोवीस हीं ऐन बहराचीं वर्षें. तीं तोफांच्या धुरांत गेलीं. १९४० सालीं विवाह होऊन ओडमच्या टायलर झालेल्या डोरोथीबाई विमानदलाच्या साहाय्यक महिला दलांत दाखल झाल्या. ऐन भरांत या दलांत सुमारें १,८०,००० स्त्रिया होत्या. त्यांत डोरोथीबाईंनीं व्यायामशिक्षिकेचें काम केलें आणि लष्करी वाहनेंहि हांकलीं. जर्मनीचीं धरणें फोडण्याच्या कामगिरीमुळें पुढें प्रख्यात झालेल्या ६१७ क्रमांकाच्या पथकाकडे त्या चालक होत्या. १९४३ च्या मे महिन्यांतील त्या रात्रीं १९ विमानें गेलीं. त्यांतील ८ परत आलीं नाहींत आणि ५३ तरुण प्राणांस मुकले. ज्या तळावर मोटार चालवावयाची, तेथले ओळखीचे चेहरे एका रात्रींत नाहींसे होणें, ही गोष्ट कोणत्याहि पदकाच्या हिशेबांत बसत नाहीं. युद्धाच्या बखरींतहि वैमानिकाचें नांव येतें, गाडी हांकणारीचें येत नाहीं.

मग १९४८ सालीं खुद्द लंडनमध्यें ऑलिंपिक भरलें. याच सामन्यांत १२ ऑगस्ट रोजीं स्वतंत्र भारताच्या हॉकी संघानें ब्रिटनला ४-० असें हरविलें, आणि कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तींत सहावे आले. डोरोथीबाई आतां दोन मुलांच्या आई होत्या. अमेरिकेची ॲलिस कोचमन आणि त्या, दोघींनींहि १.६८ मीटर उंची ओलांडली. पुन्हां बरोबरी! परंतु मधल्या बारा वर्षांत नियम पालटला होता. आतां जादा उडी नव्हती. जिनें ती उंची कमी प्रयत्नांत ओलांडली, ती पहिली. कोचमननें ती पहिल्या प्रयत्नांत ओलांडली होती, डोरोथीबाईंनीं दुसऱ्या. म्हणजे १९४८ चा नियम बर्लिनला असता, तर तेथील सुवर्णपदक त्यांचें होतें. आणि बर्लिनचा नियम लंडनला असता, तर निदान आणखी एक उडी घेण्याची संधि होती.

दैवानें हा केवढा अन्याय केला, असें म्हणण्याचा मोह येथें होतो. पण पलीकडे उभी असलेली कोचमन कोण होती? जॉर्जिया संस्थानांतील ही कृष्णवर्णीय मुलगी. वर्णभेदामुळें गोऱ्यांचीं मैदानें तिला बंद. तिच्याहि उमेदीचीं वर्षें युद्धानें खाल्लेलीं. ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. एकीची हळहळ करावी, तर दुसरीच्या न्याय्य आनंदाला धक्का लागतो. इतिहासाचे तराजू असे अवघड असतात.

डोरोथीबाईंनीं हळहळत बसण्यापेक्षां उड्या मारणें पसंत केलें. १९५० सालीं ऑक्लंडला त्यांनीं साम्राज्यांतर्गत सामन्यांचें सुवर्णपदक पुन्हां जिंकलें. १९५२ चें हेलसिंकी आणि १९५६ चें मेलबोर्न हींहि ऑलिंपिकें त्या खेळल्या. सोळाव्या वर्षीं सुरू झालेली ही ऑलिंपिकची वारी छत्तिसाव्या वर्षीं संपली. पुढें त्यांनीं इतरांस शिकविलें, सामन्यांचीं कामें पाहिलीं, उतारवयांत गोल्फचा नाद धरला. २०१२ सालीं ऑलिंपिक पुन्हां लंडनला आलें, तेव्हां त्या ९२ वर्षांच्या होत्या.

कोचमन १४ जुलै २०१४ रोजीं वारली. डोरोथीबाई त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनीं. विद्यार्थी मला विचारतील कीं, त्या दोघींत श्रेष्ठ कोण? मी सांगेन कीं, त्या दोघींनीं ओलांडलेली उंची एकच होती. क्रमांक लावणारे नियम तेवढे निराळे होते.