ना. गोखल्यांचें कौन्सिलांतील मतदान

कागदाच्या वयावरून त्याची योग्यता ठरविण्याची आम्हां संग्राहकांची जुनी खोड आहे. मोडी दप्तराचा फाटका तुकडा आम्ही रुमालांत बांधून जपून ठेवतों; पण कायदेकौन्सिलाच्या छापील कार्यवृत्तांचे जाड ग्रंथ रद्दीच्या भावानें जातांना पाहून आमच्या जिवाला कांहीं वाटत नाहीं. वस्तुतः एखाद्या मुत्सद्द्यानें कोणत्या दिवशीं कोणत्या बाजूस कौल दिला याचा इतका निःसंदिग्ध पुरावा जुन्या दप्तरांत क्वचितच सांपडेल. नाना फडणिसांच्या मनांतील गोष्ट पत्रांच्या आधारें तर्कानें काढावी लागते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं काय केलें तें अंकांनीं सांगतां येतें. असें असूनहि गोखल्यांचीं भाषणें सर्वांनीं वाचलीं, मतें मात्र फारशीं कोणी मोजलीं नाहींत. तीं मोजण्याचा येथें अल्प प्रयत्न केला आहे.

आरंभीं निवडणुकीचा विचार केला पाहिजे, कारण त्या शब्दानें आजचा वाचक फसण्याचा संभव आहे. १८९२ च्या कायद्यांत "निवडणूक" हा शब्दच नव्हता. कांहीं संस्थांनीं नांवें सुचवावीं आणि सरकारनें त्यांची नेमणूक करावी, अशी ती योजना होती. या मार्गानें गोखले १८९९ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत आले. तेथून वरिष्ठ कौन्सिलांत जावयाचें म्हणजे मुंबई कौन्सिलाच्या बिनसरकारी सभासदांनीं आपल्यांतून एकाचें नांव सुचवावयाचें. प्रांतिक कौन्सिलांत गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळाखेरीज जादा सभासदच मुळीं वीसाच्या वर नसावयाचे. त्यांतील सरकारी नोकर वगळले म्हणजे गोखल्यांची सारी मतदारमंडळी एका सतरंजीवर बसेल एवढी होती. सर फिरोजशहा मेहता यांनीं १९०१ सालीं वरिष्ठ कौन्सिलांतील जागा सोडली आणि ती गोखल्यांस मिळाली. १९०९ च्या सुधारणांनंतरहि प्रांतिक कौन्सिलांतील बिनसरकारी सभासद हेच त्यांचे मतदार राहिले. सामान्य रयतेसमोर उभें राहून मत मागण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधींच आला नाहीं. हा दोष त्यांचा नव्हे, त्या रचनेचा. तथापि पुढील हिशेबांत तो ध्यानांत ठेवावा.

मुंबई कौन्सिलांतील त्यांची सर्वांत बोलकी कृति तर मत न देण्याची होती. १९०१ च्या ऑगस्टांत पुणें येथें जमीनमहसूल कायद्याच्या दुरुस्तीचें बिल चर्चेस आलें. रयतेच्या हातून जमीन सावकाराकडे जाऊं नये यासाठीं कांहीं जमिनींच्या विक्रीगहाणाच्या हक्कावर सरकार बंधन घालूं इच्छित होतें. लोकपक्षाचें म्हणणें, रोग सारापद्धतींत असतां औषध कुळाच्या हक्कावर कां लावतां? बिल लोकमतासाठीं पुनः पाठवावें ही मेहत्यांची सूचना फेटाळली गेली. तेव्हां मेहता, गोखले, दाजी आबाजी खरे इत्यादि सभासद सभागृह सोडून बाहेर पडले. गोखल्यांसारख्या मर्यादाशील पुरुषास हें पाऊल जड गेलें असावें.

वरिष्ठ कौन्सिलांत शिरतांच मतांचा हिशेब करणारास एक विलक्षण अडचण येते. मीमांसकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर, पुरुषास क्रियेस प्रवृत्त करणारें वाक्य तो विधि, आणि त्याची स्तुति करणारें तो अर्थवाद. या न्यायानें सभासदाचें मत हा विधि आणि त्याचें भाषण हा अर्थवाद. पण ता. २६ मार्च १९०२ रोजीं गोखल्यांनीं अंदाजपत्रकावर जें पहिलें भाषण केलें, ज्यानें त्यांची कीर्ति एका दिवसांत हिंदुस्थानभर झाली, त्याच्या शेवटीं मतदान नव्हतें. १८९२ च्या कायद्यानें अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती, मत देण्याची नव्हे. १९०२ पासून १९०८ पर्यंत वर्षानुवर्षें गोखले शिलकी अंदाजपत्रकाचें पोट फाडून दाखवीत, सरकारी सभासद ऐकून घेत, आणि सभा उठे. तेथें विधीला स्थानच नव्हतें, सारा अर्थवाद.

तरीहि तो निष्फळ म्हणवत नाहीं. मिठावरील कर मणीं अडीच रुपये होता, तो १९०३ सालीं दोन रुपये, १९०५ सालीं दीड आणि १९०७ सालीं एक रुपया झाला. गोखल्यांनीं या कराचा सतत पाठपुरावा केला होता. सरकारी तिजोरींत शिल्लक नसती तर सरकारनें तो कमी केला नसता हें खरें. पण ती शिल्लक रयतेवरील जादा कराची आहे हें अंकांनीं सिद्ध करून देणारा पुरुष समोर बसला होता हेंहि खरें. जेथें प्रत्यक्ष मत नोंदतां आलें, तेथें त्यांनीं लॉर्ड कर्झनच्या युनिव्हर्सिटी बिलास १९०४ सालीं विरोध केला आणि राजद्रोही सभांच्या बिलास १९०७ च्या नोव्हेंबरांत सिमल्यास विरोध केला. दोन्ही बिलें अर्थातच मंजूर झालीं.

आतां ज्या मताबद्दल त्यांच्या चाहत्यांस अवघडल्यासारखें होतें त्याकडे वळूं. १९०९ च्या डिसेंबरांत नाशिकास कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला. पुढच्या महिन्यांत कलकत्त्याच्या हायकोर्टांत एक पोलीस अधिकारी मारला गेला. लगोलग १९१० च्या फेब्रुवारींत सरकारनें छापखान्यांकडून जामीन घेण्याचें बिल आणलें. नव्या कौन्सिलांत आतां मतदान होत होतें. विरोधीं मतें दोनच पडलीं: पंडित मदनमोहन मालवीय आणि बाबू भूपेंद्रनाथ बसू. गोखले त्यांच्याबरोबर नव्हते. परिस्थिति लक्षांत घेतां विरोधाची जबाबदारी आपणांस घेववत नाहीं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. कायद्यास तीन वर्षांची मुदत घालावी ही त्यांची उपसूचना मान्य झाली नाहीं, आणि तरीहि ते बिलाच्या बाजूसच राहिले.

यावर त्यांचे भक्त त्यांच्या भाषणांतील संकोच दाखवितात. पण संकोच हा अर्थवाद. विधि काय तो त्या मताचा. अंदाजपत्रकाच्या वेळीं आम्ही अर्थवादाचें फल मान्य केलें, तें मताचा मार्गच बंद होता म्हणून. येथें मार्ग उघडा होता, आणि दोघे त्यावरून गेले. पुढें १९१४ सालीं कलकत्त्याचें "अल हिलाल" याच कायद्यान्वयें जामीन जप्त होऊन बंद पडलें. १९१६ सालीं अ‍ॅनी बेझंट यांच्या "न्यू इंडिया" चा जामीनहि जप्त झाला. गोखल्यांनीं मागितलेली मुदत तीन वर्षांची होती. कायदा रद्द झाला तो १९२२ सालीं. त्यांच्या उपसूचनेंतील शहाणपणा काळानें सिद्ध केला, आणि त्याच काळानें त्यांच्या मताची चूकहि सिद्ध केली, असें आमचें मत आहे.

त्याच फेब्रुवारीच्या २५ तारखेस त्यांनीं नाताळ वसाहतींत करारबद्ध मजूर पाठविणें बंद करावें असा ठराव आणला. तो सरकारनेंच मान्य केला, व १ जुलै १९११ पासून तेथील भरती थांबली. म्हणजे त्यांचा सर्वांत मोठा विजय मतांच्या झुंजीशिवाय झाला!

दोन वर्षांनीं झालेलीं दोन मतदानें मात्र शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. ता. ४ मार्च १९१२ रोजीं कलकत्त्यास गोखल्यांनीं करारबद्ध मजुरीची पद्धतिच सर्वत्र बंद करावी असा ठराव मांडला. अनुकूल २२, प्रतिकूल ३३. ठराव पडला, पण हे बावीस म्हणजे सरकारी फळीसमोर उभें राहिलेलें एकजूट लोकमतच. त्यानंतर पंधराच दिवसांनीं, ता. १८ व १९ मार्च रोजीं, त्याच सभागृहांत त्यांचें प्राथमिक शिक्षणाचें बिल सिलेक्ट कमिटीकडे पाठविण्याच्या सूचनेवर चर्चा झाली. अनुकूल १३, प्रतिकूल ३८.

हें बिल १६ मार्च १९११ रोजीं मांडलें गेलें होतें. त्यांतील सक्ति फार सौम्य. ज्या म्युनिसिपालिटीस किंवा लोकल बोर्डास इच्छा असेल तिनें सरकारची पूर्वसंमति घेऊन आपल्या हद्दींत सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शाळेंत घालणें सक्तीचें करावें. खर्चाचे दोन भाग सरकारनें, एक भाग स्थानिक संस्थेनें सोसावा. गरीब पालकांस फी माफ. बडोदें संस्थानांत सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं याहून कितीतरी पुढची मजल मारली होती.

मग पंधरा दिवसांत बावीसाचे तेरा कां झाले? बेरीज पाहावी. पहिल्या दिवशीं एकूण मतें ५५, दुसऱ्या वेळीं ५१. म्हणजे चार कमी. प्रतिकूल मतें ३३ वरून ३८ वर गेलीं. म्हणजे पांच अधिक. अनुकूल बाजूची नवांची घट या दोहोंत विभागली गेली आहे. कौन्सिलांत निवडून आलेले सभासद २७ होते. त्या संख्येच्या निम्मींहि मतें या बिलास मिळालीं नाहींत. सरकारी बहुमतामुळें बिल पडलें असें आपण शाळेंत शिकलों, आणि मींहि मुलांस तेंच शिकवीत आलों. तें खोटें नव्हे, पण अपुरें आहे. दूर देशींच्या मजुराबद्दल कळवळा दाखविण्यास आपल्या पदरचें कांहीं जात नव्हतें. शाळेसाठीं मात्र नवा कर द्यावा लागणार होता, आणि शेतावरचें पोर वर्गांत जाऊन बसणार होतें. जमीनदारवर्गास हें रुचणें कठीण. उर्दूऐवजीं परभाषेंतून सक्तीनें शिकावें लागेल ही कित्येक मुसलमान पुढाऱ्यांची शंका होती. उलट महंमदअल्ली जिना व मझरुल हक हे या बिलाचे खंदे पुरस्कर्ते होते, आणि प्रेस बिलाच्या वेळीं गोखल्यांपासून दूर उभे राहिलेले मालवीयहि या वेळीं त्यांच्या बाजूस होते.

गोखले ता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं वारले. करारबद्ध मजुरांची भरती १९१७ सालीं थांबली. १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेलांनीं मुंबईच्या कौन्सिलांत म्युनिसिपालिट्यांपुरता प्राथमिक शिक्षणाचा कायदा मंजूर करवून घेतला, आणि त्यांतील ऐच्छिक सक्तीचें तत्त्व तेरा मतें मिळालेल्या त्या बिलाचेंच होतें.