कळ एकीकडे, प्रक्षेपक दुसरीकडे

भोसरीच्या शिवेला लागून दिघी आहे. तिथल्या एका विस्तीर्ण, कुंपण घातलेल्या जागेला आजही लोक ‘व्हीएसएनएल’ म्हणतात. २००२ साली विदेश संचार निगम टाटा समूहाकडे गेले, तेव्हा चार शहरांतली मिळून ७७३ एकर जादा जमीन सरकारने वेगळी काढायची ठरवली. त्यात सर्वांत मोठा वाटा पुण्याचा होता. तेव्हापासून या जागेचे नाव वर्तमानपत्रात येते ते जमिनीच्या बातमीत. मला इथे एकर आणि चटईक्षेत्र यांविषयी बोलायचे नाही. माझा विषय आहे या परिसरात शंभर वर्षांपूर्वी आकाराला आलेली एक कल्पना: कळ दाबणारा माणूस एका गावी, प्रक्षेपक दुसऱ्या गावी आणि ऐकणारे यंत्र तिसऱ्या गावी.

आजचे हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, ज्याला ‘रिमोट स्टेशन’ म्हणतात ते याहून वेगळे नाही. इंटरनेट आल्यावर ही सोय निघाली असा समज सर्वत्र आहे. तो खरा नाही.

२३ जुलै १९२७ हा दिवस आपल्याकडे प्रसारण दिन म्हणून पाळतात, कारण त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन केले. भारत आणि इंग्लंड यांच्यातल्या ‘बीम’ बिनतारी तारसेवेचे उद्घाटनही त्याच दिवशीचे. आयर्विन आणि राजे पाचवे जॉर्ज यांच्यात शुभेच्छांची देवाणघेवाण झाली. गाण्याबजावण्याचे केंद्र लोकांच्या लक्षात राहिले, तारांचे विसरले गेले. ते एका अर्थी साहजिक आहे, कारण बिनतारी तारेचे केंद्र कुणाला ऐकू येत नाही. पण व्यापाराच्या आणि सत्तेच्या दृष्टीने त्या दिवशीची मोठी घटना दुसरी होती, असे माझे मत आहे.

इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीची ही सेवा दोन केंद्रांवर उभी होती. प्रेषण खडकीहून, ग्रहण दौंडला. इंग्लंडच्या बाजूलाही तशीच जोडी होती: ग्रिम्सबीजवळ प्रेषण, स्केगनेसजवळ ग्रहण. दोन केंद्रे एकमेकांपासून दूर का, याचे कारण साधे आहे. खडकीचा प्रक्षेपक चालू असताना त्याच्या शेजारी ठेवलेल्या ग्राहकयंत्राला हजारो मैलांवरून येणारा क्षीण संदेश ऐकू येणे शक्य नव्हते. ढोल वाजत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकण्यासारखेच ते. येणारे आणि जाणारे संदेश एकाच वेळी चालू ठेवायचे तर ढोल आणि कान यांच्यात अंतर हवे. रेल्वेने मोजले तर खडकी ते दौंड हे अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास भरते.

पण यातली खरी गंमत मुंबईत होती. तार पाठवणारा खडकीला बसत नसे. मुंबईच्या तारघरात संदेश कागदी पट्टीवर छिद्रांच्या रूपात उतरायचा. ती पट्टी स्वयंचलित यंत्रातून धावू लागली की तिची कट्ट-कडकट्ट जमिनीवरच्या तारेने खडकीला पोहोचायची आणि तिथला रिले तिच्या तालावर प्रक्षेपक चालू-बंद करायचा. लंडनहून येणारा संदेश दौंडला पकडला जाऊन तसाच तारेने मुंबईला यायचा आणि कागदावर नागमोडी रेघेत उमटायचा. या सेवांच्या करारात मिनिटाला शंभर शब्दांची अपेक्षा होती. हाताने कळ दाबणाऱ्याच्या हे आवाक्याबाहेरचे आहे.

म्हणजे खडकीचा अभियंता प्रक्षेपक राखत असे. त्याच्या हातून संदेश जात नसे. आणि मुंबईचा तारमास्तर ज्या यंत्राने बोलत असे ते त्याला दिसत नसे. मध्ये बोरघाट उतरलेली तार. ती पावसात तुटली तर खडकी ठणठणीत, मुंबई ठणठणीत आणि सेवा बंद. आज दूरवरचे केंद्र चालवणाऱ्या कोणत्याही हॅमला विचारा, त्याची रडकथा हीच असते.

या केंद्रांच्या पायाशी हौशी मंडळींचे श्रेय आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. पहिल्या महायुद्धानंतर दूरच्या संदेशवहनासाठी लांब तरंगलांबी हवी, त्यासाठी प्रचंड मनोरे आणि अफाट वीज हवी, असे तज्ज्ञांचे मत होते. २०० मीटरच्या खालच्या लहरी निरुपयोगी समजून हौशींच्या पदरात टाकल्या गेल्या. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसचे लेऑन दलॉय आणि अमेरिकेतले फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटरवर अटलांटिकपार दुतर्फा संभाषण केले. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर हा विद्यार्थी आणि न्यूझीलंडच्या शॅग व्हॅलीतले फ्रँक बेल एकमेकांशी बोलले. पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांचे दोघे! मार्कोनी आणि त्यांचे अभियंता सी. एस. फ्रँकलिन यांचे लघुलहरींचे प्रयोग याच काळात चालू होते, आणि बीम पद्धतीचे श्रेय त्यांचेच. पण टाकून दिलेल्या लहरींत काय दडले आहे हे जगाला दाखवण्यात हौशींचा वाटा मोठा होता. खडकीच्या लहरी दिवसा सुमारे १६ मीटरच्या आणि रात्री सुमारे ३४ मीटरच्या होत्या.

स्वस्त बीमने समुद्री केबल कंपन्यांच्या तोंडचे पाणी पळवले. शेवटी दोघांचे लग्न लावावे लागले. भारतात १९३२ साली इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी झाली. १९४७ च्या आरंभी तिचे राष्ट्रीयीकरण होऊन ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस आली, १९८६ साली विदेश संचार निगम. तोवर आर्वीचे उपग्रह भूकेंद्र सुरू होऊन पंधरा वर्षे झाली होती.

हौशींना मात्र ‘केंद्र कुठे आहे’ हा प्रश्न फार महागात पडला. १९३९ साली युद्ध सुरू होताच त्यांना प्रक्षेपक पोलिसांकडे जमा करण्याचे हुकूम गेले. १९४२ च्या काँग्रेस रेडिओत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत प्रक्षेपक या जागेतून त्या जागेत हलवत ठेवला, आणि अखेर नोव्हेंबरात पोलिसांनी तो पकडलाच. सरकारच्या लेखी बिनतारी केंद्र म्हणजे एक पत्ता आणि त्या पत्त्यावरचा एक जबाबदार माणूस. १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा आणि हौशी सेवेचे १९७८ चे नियम याच भूमीवर उभे राहिले.

आता भोसरीत या. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे आमच्या शेतांची शेड झाली. वेल्डिंगची यंत्रे, मोटारींचा वेग बदलणारे ड्राइव्ह, स्वस्त एलईडी दिव्यांचे अडॅप्टर, सगळे अखंड रेडिओ खरखर ओकत असतात. माझ्या ओळखीचे एक हॅम इथल्याच एका वर्कशॉपमधून निवृत्त झाले. त्यांच्या गच्चीवर सात मेगाहर्ट्झला खरखर एस-आठच्या खाली येत नाही. जुन्नर तालुक्यातल्या त्यांच्या मळ्यात ती एस-दोन असते. मीटरचा एक अंक सहा डेसिबलचा, म्हणजे सहा अंकांत शक्तीचा फरक सुमारे चार हजार पट. प्रक्षेपक कितीही मोठा आणला तरी हा बहिरेपणा जात नाही. म्हणून त्यांनी संच मळ्यातल्या खोलीत नेला आणि परवान्यावर केंद्राचा पत्ता तिथलाच घेतला. दौंड निवडणाऱ्यांनी केला तोच विचार.

त्यांची मांडणी मी जवळून पाहिली. संचाला जोडलेला तळहाताएवढा संगणक, आवाजासाठी एक छोटे कार्ड, मोबाइलचा राउटर, वीज गेली तर बॅटरी. एवढे तर कुणीही जोडेल. कस लागतो तो दुसऱ्याच गोष्टीत. बोलण्याचे बटण दाबलेले असताना मधला दुवा तुटला तर? संच सोडण्याचा हुकूम पोहोचणारच नाही आणि प्रक्षेपक मोकाट बसेल, दुसऱ्यांची लहर अडवेल, स्वतः जळेल. म्हणून त्यांनी मळ्यातच एक टायमर बसवला आहे. ठरावीक मिनिटांनंतर तो कुणाला न विचारता प्रक्षेपण तोडतो. भोसरीहून दर काही सेकंदांनी येणारी ‘मी आहे’ ही खूण थांबली तरी तोडतो. वळवाच्या दिवसांत अँटेना रिलेने जमिनीला जोडलेली असते. काम असेल तेवढाच वेळ ती संचाकडे येते. राउटर रुसला तर त्याची वीज बंद करून चालू करणारे वेगळे घड्याळ आहे. इतके करूनही शेजारच्या मळेकऱ्याकडे खोलीची किल्ली आहे, आणि मुख्य बटण कोणते ते त्याला दाखवून ठेवलेले आहे. मला ही किल्ली सगळ्या यंत्रणेतला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटते. १९२७ साली खडकीला अभियंता होता. इथे मळेकरी आहे.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना ही किल्लीही नव्हती. त्यांचा ‘स्वयम्’ हा जेमतेम किलोभराचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला. हौशी लहरींवर संदेश घेऊन पुढे पोहोचवणारे ते केंद्रच होते, फक्त शेकडो किलोमीटर वर. तिथे बटण दाबायला कोण जाणार? सगळे शहाणपण आधीच आत भरून पाठवावे लागते.

जगभरच्या हौशी स्पर्धांत आणि दूरसंपर्काच्या मानपत्रांत केंद्राची जागा प्रक्षेपकावरून ठरते, माणसाच्या खुर्चीवरून नाही. बीमच्या काळातही तार मुंबईत सुटायची आणि नाव खडकीचे व्हायचे. आमचे हॅम रात्री भोसरीत जेवून खुर्चीवर बसतात, युरोपशी बोलतात आणि नोंदवहीत गावाच्या रकान्यात मळ्याचे गाव लिहितात. दरवेळी समोरचा विचारतो, तिकडे हवा कशी आहे? मग ते आधी मळेकऱ्याला फोन लावतात.