पदकाची मागील बाजू

युद्धपदक ही राष्ट्राने सैनिकाजवळ व्यक्त केलेली कृतज्ञता होय. परंतु राष्ट्राच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हेच जेव्हा वादग्रस्त होते, तेव्हा पदकालाही त्या वादाची साक्ष द्यावी लागते. फ्रान्सच्या ‘क्रुआ द गेर’ या युद्धक्रूसाचा इतिहास असाच आहे.

हा क्रूस मूळचा १९१५ सालचा. लष्करी आदेशपत्रात ज्याच्या पराक्रमाचा नामनिर्देश होई, त्याला तो मिळे. फितीवरील तारा किंवा ताडपर्ण पाहून तो निर्देश रेजिमेंटच्या पातळीवरचा की संपूर्ण सेनेच्या, हे ओळखता येई. सप्टेंबर १९३९ मध्ये नव्या युद्धासाठी हा क्रूस पुन्हा निघाला. त्याच्या मागील बाजूस ‘१९३९’ एवढेच वर्ष होते. युद्धाचा शेवट अद्याप कोणाला ठाऊक नव्हता.

जून १९४० मध्ये फ्रान्सने शस्त्रसंधी पत्करला. १९४१ मध्ये विशी येथील मार्शल पेतँ यांच्या राजवटीने आपला निराळा क्रूस काढला आणि त्यावर ‘१९३९-१९४०’ असे कोरले. या एका आकड्याने युद्ध संपल्याचे जणू जाहीर केले. उत्तर आफ्रिकेत जनरल जिरो यांच्या क्रूसावर ‘१९४३’ हे वर्ष आले. द गोल यांनी तर १६ नोव्हेंबर १९४० रोजीच ब्राझाव्हिल येथे ‘मुक्तिसन्मान’ स्थापन केला होता. त्याच्या फितीतील काळा रंग शोकाचा आणि हिरवा आशेचा. विशीच्या क्रूसाची फीतही काळी-हिरवीच असावी, हा इतिहासाचा विलक्षण योगायोग. मुक्तिसन्मान अवघ्या १०३८ व्यक्तींना, १८ सैनिकी दलांना व ५ नगर-ग्रामांना लाभला. त्याचे अखेरचे मानकरी युबेर झेर्मँ २०२१ मध्ये निवर्तले.

ऑगस्ट १९४४ मध्ये विशीचे कायदे निरर्थक ठरविण्यात आले. त्या राजवटीची मानचिन्हे मिरविणे लाजिरवाणे झाले. आणि नेमकी तीच पुढे संग्राहकांच्या शोधाचा विषय बनली. बाजाराला दुर्मीळता कळते, तिचे कारण विचारण्याची त्याला गरज भासत नाही. एखादे पदक थोड्यांनीच तेवढा पराक्रम केला म्हणून दुर्मीळ असते, तर दुसरे ते देणारी सत्ताच अल्पायुषी ठरली म्हणून. हा भेद न जाणणाऱ्याच्या पेटीत दोन्ही शेजारी शेजारी, सारख्याच मखमलीवर विसावतात.

शिवाय, ब्रिटिश युद्धपदकांच्या कडेवर बहुधा सैनिकाचे नाव आढळते. फ्रेंच क्रूस सामान्यतः अनामिक असतो. कोणी, कोठे, काय केले, हे सोबतच्या प्रशस्तिपत्रातच लिहिलेले असते. विक्रीच्या घाईत तो कागद हरवला, की उरते ते केवळ कांस्य. म्हणून जाणता संग्राहक आधी कागद मागतो आणि मगच क्रूस हाती घेऊन त्याची मागील बाजू पाहतो.