पाठ आणि पाठभेद

'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' ही बीटल्सची १९६७ सालची ध्वनिमुद्रिका आम्हांस मुखोद्गत आहे, असा आमचा अनेक वर्षे समज होता. २००९ मध्ये तिची मोनो आवृत्ती सीडीवर आली, ती ऐकली आणि तो समज ढळला.

१९६७ च्या ब्रिटनमध्ये बहुतेक घरांत एकाच कर्ण्याचे, म्हणजे मोनो, यंत्र असे. साहजिकच बीटल्सनी आपले लक्ष मोनो मिश्रणावर केंद्रित केले. स्टिरिओ मिश्रण निर्माते जॉर्ज मार्टिन आणि तंत्रज्ञांनी नंतर, त्यांच्या गैरहजेरीत, तुलनेने लवकर उरकले. पुढे मोनो मागे पडले आणि जगभर पसरला तो हा दुसरा पाठ. १९८७ ची सीडीही स्टिरिओच होती.

'शीज लीव्हिंग होम' घ्या. पहाटे घर सोडून जाणारी मुलगी, मागे उरलेले आईबाप, हार्प आणि तंतुवाद्ये. स्टिरिओत हे गाणे मंद, जड पावलांनी चालते. आम्ही त्याला शोकगीत ठरवले होते. महाविद्यालयात असताना त्यावर एक निबंधही मोठ्या ऐटीत वाचला होता. मोनोत तेच गाणे साधारण अर्ध्या स्वराने चढे आहे आणि चालही जलद. मुलगी चटचट जिना उतरते! आईबापांचा विलाप आहेच, पण तिच्या सुटकेची घाईही आता ऐकू येते. आम्ही ज्याला कारुण्य म्हणत होतो, त्यातले किती टेपच्या गतीचे होते?

पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना हा पेच नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा ग्रंथकर्त्याला जाऊन तीन शतके होत आली होती. येथे तर कर्ते हयात, मूळ टेप शाबूत, तरीही दुय्यम पाठ रूढ झाला. २०१७ मध्ये जाइल्स मार्टिन यांनी, म्हणजे जॉर्ज मार्टिन यांच्या पुत्राने, नवे स्टिरिओ मिश्रण केले ते मोनो प्रमाण मानून. त्यात या गाण्याची गतीही मोनोचीच ठेवली.

मात्र जुन्या स्टिरिओला 'अपपाठ' म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. हल्ली आम्ही मोनोच लावतो. पण हार्प सुरू होण्याआधी मनात जो स्वर उमटतो, तो अजून अर्ध्या स्वराने खालचाच असतो.