रा. चिं. ढेरे आणि वडप्याचे धवले

डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे (१९३०–२०१६), लोकसंस्कृतीचे थोर संशोधक. जन्म आंदर मावळातल्या निगड्याचा. लहानपणीच आईवडील गेले. पुण्यात रात्रशाळेत शिक्षण झाले. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथाला १९८७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; अ‍ॅन फेल्डहाउस यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. पुण्यातल्या घरी त्यांनी हजारो पुस्तके, पोथ्या आणि टिपणे जमवली. स्थलपुराण, शिलालेख, ओवी आणि गावदेवीचा तांदळा (मूर्तीऐवजी पुजला जाणारा दगड) हे सारे त्यांनी सारख्याच आदराने पुरावा मानले. अशा संशोधकाची टिपणे त्याच्या छापील ग्रंथांइतक्याच निगुतीने जपायला हवीत, कारण निष्कर्षापर्यंतची वाट त्यांतच दिसते. वडप्यासारख्या (ता. भिवंडी) गावातही सर्व पुराव्यांना सारखाच मान देणारी ही दृष्टी उपयोगी पडते. मुंबई–नाशिक महामार्गालगतच्या या पट्ट्यात भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली आहेत. तिथल्या आगरी समाजाच्या लग्नांत धवलारीण (विधी गाऊन पार पाडणारी स्त्री) म्हणते ते धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, प्रामुख्याने मुखपरंपरेने टिकले. ते उतरवून घेताना गाणारीचे नाव, गाव आणि विधीतला नेमका प्रसंगही नोंदवावा. — संपादक