मुळशीचे नाव आणि नांगराची 'खबर'

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने ताम्हिणीच्या दिशेने निघालो की पिरंगुटच्या कारखान्यांची गर्दी संपताच फलकांची गर्दी सुरू होते. कृषी पर्यटन केंद्र, चुलीवरचे जेवण, तलावाकाठचे निवास, सेंद्रिय तांदूळ, घाण्याचे तेल. या प्रत्येक फलकावर आता दूरध्वनी क्रमांकाच्या शेजारी एक चौकोनी संकेतचित्र असते आणि इन्स्टाग्रामवरचे नाव असते. मालक स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहून बोलतात. आपण कोण, वडील काय करीत, नोकरी का सोडली, मातीकडे परत का आलो, हे सारे दीड मिनिटात सांगतात आणि अखेरीस 'एकदा नक्की या' असे निमंत्रण देतात. २०२० च्या जून महिन्यात भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामने रील्स सुरू केल्या. तेव्हापासून हा प्रकार फार वेगाने पसरला. व्यवसायाच्या परिभाषेत याला 'पर्सनल ब्रँडिंग' म्हणतात आणि ते शिकवणारे वर्गही निघाले आहेत.

साहित्याच्या अभ्यासकांनी याकडे का पाहावे, असा प्रश्न येईल. आमचे उत्तर साधे आहे. हा एक कथनप्रकार आहे. त्यात आत्मचरित्र आहे, जाहिरात आहे, थोडे स्थळवर्णन आहे आणि पुष्कळदा कुलवृत्तांतही आहे. मराठीत त्याला पूर्वेतिहास आहे आणि तो बराच रोचक आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही की स्वतःविषयी बोलण्याबाबत मराठी मनात एक जुना संकोच आहे. दासबोधातल्या मूर्खलक्षणांत समर्थांनी आपली स्तुती आपणच करणारा आणि वाडवडिलांची कीर्ती सांगणारा, अशा दोघांनाही मूर्खांच्या यादीत बसवले आहे. आजच्या छोट्या व्यावसायिकाला त्याचे सल्लागार नेमक्या याच दोन गोष्टी आवर्जून करायला सांगतात! या संकोचाचे दुसरे टोक म्हणजे पुण्यातला तो सुप्रसिद्ध दुकानदार, ज्याला गिऱ्हाईक आले तरी फरक पडत नाही आणि गेले तरी पडत नाही. पु. ल. देशपांड्यांनी त्याला विनोदात अमर केले. त्या विनोदाच्या तळाशी असलेली समजूत मात्र गंभीर होती. माल चांगला असेल तर बोलावे लागत नाही आणि जो बोलतो त्याच्या मालात काहीतरी खोट असली पाहिजे, अशी ती समजूत. आत्मचरित्र लिहिणाऱ्या मराठी लेखकांच्या प्रस्तावना पाहाव्यात. मित्रांनी आग्रह केला म्हणून लिहिले, असे सांगितल्यावाचून पुष्कळांची लेखणी पुढे सरकत नाही.

हा संकोच एका कारखानदाराने कसा ओलांडला, याची हकीकत किर्लोस्करवाडीत सापडते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे त्यांच्या बंधूंचे सायकलींचे दुकान होते. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर असा त्यांचा प्रवास झाला. नांगर तयार झाला, पण तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली असे सांगतात. आमच्या मते या हकिकतीचे मर्म या दोन वर्षांत आहे. माल उत्तम होता, किंमत हाही मुख्य अडसर नव्हता. अडसर होता तो विश्वासाचा, आणि विश्वास ओतशाळेत तयार होत नाही. १९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकापाशी जमीन दिली. तेथल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. (पुढे चितळ्यांच्या दुधाचा व्यवसाय १९३९ मध्ये सुरू झाला तो शेजारच्याच भिलवडीला. कृष्णाकाठच्या या चिमुकल्या टापूने मराठी घरांना दोन आडनावे अशी दिली की ती आडनावे आहेत हेच आपण विसरून गेलो.)

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर हे मुळात चित्रकलेचे विद्यार्थी. कारखान्यात त्यांच्याकडे जाहिरातीचे काम आले आणि १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले. नाव अगदी रोखठोक होते. कारखान्याची खबर गिऱ्हाइकांना, विक्रेत्यांना आणि कामगारांना कळावी, एवढाच त्याचा जाहीर हेतू. असा प्रकार जगात नवा नव्हता. अमेरिकेत जॉन डीयर या नांगर करणाऱ्याच कंपनीने १८९५ पासून 'द फरो' हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक चालवले होते. 'फरो' म्हणजे नांगराचे तास. दोन्ही ठिकाणी नांगर विकणाऱ्याला छापखान्याची गरज भासली, हा योगायोग नव्हे. नांगर दरवर्षी विकत घ्यायची वस्तू नाही. एकदा घेतलेला नांगर वर्षानुवर्षे चालतो, म्हणजे एका विक्रीपासून दुसऱ्या विक्रीपर्यंत फार मोठे अंतर पडते. त्या अंतरात गिऱ्हाइकाच्या मनातले आपले नाव जागे ठेवायचे तर त्याला दर महिन्याला वाचण्याजोगे काहीतरी द्यावे लागते. आज समाजमाध्यमांवर 'सातत्य ठेवा' असा जो उपदेश केला जातो, त्यामागे हेच गणित आहे.

परंतु 'खबरे'चे पुढे जे झाले ते या गणितात बसत नाही. नांगराची पत्रिका हळूहळू नांगराला विसरू लागली. उद्योगी माणसांच्या हकिकती आल्या, कथा आल्या, 'शंवाकि' या सहीची व्यंगचित्रे आली. १९२९ मध्ये नावातली 'खबर' गळून 'किर्लोस्कर' एवढेच उरले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे निघाली. १९३० नंतरच्या दशकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्ये येत गेले. गाईच्या उपयुक्ततेपासून यज्ञयागापर्यंत कशालाच ते सोडत नव्हते. आता विचार करावा, नांगराचा गिऱ्हाईक कोण? परंपरेने चालणारा शेतकरी, गावचा पाटील, सधन बागायतदार. ज्या माणसाला नांगर विकायचा त्याच्याच श्रद्धांना धक्का देणारा मजकूर आपल्या आडनावाखाली छापायचा, हे कोणत्याही विक्रीशास्त्रात बसणारे धोरण नव्हे. तरीही तो छापला गेला. 'स्त्री' मासिकाची परंपरा तर त्याहून लांब गेली. त्याच मासिकात घडलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. लोखंडी नांगराच्या जाहिरातीपासून मराठी स्त्रीवादी नियतकालिकापर्यंत अशी एक वाट निघते. ती आधी आखलेली नव्हती, हेच तिचे वैशिष्ट्य.

यात आदर्शीकरण नको. किर्लोस्करांचे नाव या मासिकांमुळे घराघरांत पोचले, आणि त्याचा लाभ पंपांना, यंत्रांना व इंजिनांना झालाच असणार. शिवाय उद्योग म्हणजे सद्गुण आणि दारिद्र्य म्हणजे आळस, असा एक सूर त्या काळच्या उद्योगविषयक लेखनात वारंवार लागे. जात आणि भांडवल यांचे प्रश्न त्या सुरात झाकले जात. आजच्या यशोगाथांतही तो जसाच्या तसा ऐकू येतो. पण एक भेद राहतोच. वाचकाला देण्यासारखे काही आपल्याजवळ असले पाहिजे, आणि ते आपल्या मालाविषयीचेच असेल असे नाही, हे शंकररावांनी ओळखले होते.

आता पुन्हा मुळशीकडे येऊ, कारण नावाचा प्रश्न इथे अधिक टोकदार होतो. किर्लोस्करांनी आपले आडनाव विकले. मुळशीचा व्यावसायिक विकतो ते प्रामुख्याने स्थळाचे नाव. 'मुळशीचा आंबेमोहोर' हे त्याचे ठळक उदाहरण. आंब्याच्या मोहोरासारखा गंध असलेल्या या तांदळाने मावळाला शतकाहून अधिक काळ ओळख दिली. दिसायला तसाच पण परप्रांतातून आलेला स्वस्त तांदूळ याच नावाने बाजारात खपतो, ही उत्पादकांची जुनी तक्रार. १९९९ मध्ये झालेला आणि २००३ पासून अंमलात आलेला भौगोलिक मानांकनाचा कायदा अशाच नावांच्या रक्षणासाठी आहे, आणि आंबेमोहोराला तसे मानांकन मिळालेही. पण मानांकनाचा कागद ग्राहकाच्या दारापर्यंत पोचत नाही. तिथे पोचतो तो व्हॉट्सॲपचा संदेश आणि शेतात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा. दलालाला टाळून थेट पुण्यातल्या गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या मुळशीच्या शेतकऱ्याला आत्मस्तुतीचा दोष लावणे आम्हांस अन्यायाचे वाटते. त्याने स्वतःचे नाव घेतले नाही तर त्याच्या तांदळाला दुसरा कोणी नाव देईल, आणि भावही तोच ठरवील.

मात्र ही खाचरे नेमकी कोणती, हा प्रश्न आहे. मुळशी पेट्यातील भाताची उत्तम जमीन आज तलावाच्या तळाशी आहे. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने जलविद्युतीसाठी धरण बांधायला घेतले, तेव्हा पन्नासच्या आसपास गावांवर पाणी येणार होते. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि अन्य मंडळी पुढे होती. शिवरामपंत परांजपे यांना याच लढ्यात तुरुंगवास घडला. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात धरणविरोधाची जगातील पहिली चळवळ म्हणून त्याची नोंद केली आहे, आणि सावकार, कुळे व पुण्याचे नेतृत्व यांच्यातले ताणही दाखवले आहेत. १९२४ पर्यंत लढा संपला आणि धरण झाले. म्हणजे 'किर्लोस्कर खबर' शेतकऱ्याला सुधारलेल्या नांगरटीचे महत्त्व पटवीत होती त्याच वर्षांत मुळशीतला नांगर कायमचा उचलला जात होता. आधुनिक उद्योगाची ही दोन रूपे एका प्रांतात एकाच वेळी वावरत होती. मराठी उद्योगाचा इतिहास लिहिताना ती सहसा एकत्र मांडली जात नाहीत.

आजच्या रीलमध्ये तो तलाव असतो. पावसाळी ढग, निळे पाणी, मागे सह्याद्रीची रांग आणि 'निसर्गाच्या कुशीत' अशी अक्षरे. पाणी तेवढे निसर्गाचे नव्हे, हे त्या चित्रात कुठेच नसते. वास्तविक ही हकीकत सांगण्याचा सर्वांत मोठा अधिकार ज्यांना आहे, त्या विस्थापित घरांतलीच काही मुले आज काठावर खोल्या बांधून पाहुण्यांची सोय करीत असतील. त्यांनी आपली कहाणी सांगायची तर आजोबांच्या बुडालेल्या शेतापासून सुरुवात करावी लागेल, आणि सहलीला आलेल्या माणसाला ते कितपत रुचेल याचा हिशेब त्यांनाच मांडावा लागतो. २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने जमिनी विकून देशोधडीला लागलेल्या पिढीची गोष्ट सांगितली. परिणामी 'मुळशी' हे नाव महाराष्ट्रभर पोचले, पण गुन्हेगारीची छटा घेऊन. आपल्या गावाचे नाव इतरांनीच वारंवार ठरवावे, असा हा प्रकार आहे. म्हणून तिथल्या एखाद्या तरुणाने कॅमेरा हाती घेऊन स्वतः बोलायला लागणे ही आम्हांस क्षुल्लक गोष्ट वाटत नाही. तो अजून ठरीव साच्यात बोलतो, हे खरे. 'खबरे'चे आरंभीचे अंकही काही थोर वाङ्मय नव्हते.

अभ्यासाच्या दृष्टीने एक व्यावहारिक अडचण आहे. 'किर्लोस्कर'चे बांधीव खंड ग्रंथालयांत पाहायला मिळतात आणि त्यांवर प्रबंध होऊ शकतात. व्हॉट्सॲपचे स्टेटस चोवीस तासांत नाहीसे होते. इंद्रायणी आणि आंबेमोहोर यांतला फरक समजावून सांगणारे, दाणा तळहातावर घेऊन वास कसा ओळखावा हे दाखवणारे जे बोलणे मावळच्या बोलीत आज रोज होत आहे, ते उतरवून ठेवण्याचे काम एखाद्या मराठी विभागाने हाती घेतले तर भाताच्या शब्दांचाच एक छोटा कोश त्यातून निघेल.